जगऱ्यातला सातवा रोडगा

शके १७८६ च्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अखजीला, भर दुपारी आमच्या घरी पितरांसाठी सहा रोडगे भाजायला घातले. राख उकरली तेव्हा सात निघाले.

घर अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या वाटेवर, मळ्यातच होतं. त्या दिवशी घरात चार माणसं होती. आई, वडिलांची थोरली विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, थोरल्या भावाची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि मी. त्यांपैकी आज मी एकटा हयात आहे. पुढे बरीच वर्षं मी वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या. ही लिहिली नव्हती.

रोडगा वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. जाड्या कणकेचा मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेला. त्या निखाऱ्यांना जगरा म्हणतात. आमच्या घरचा पितरांचा रोडगा गोड असे, पण त्यात गूळ नसे. गोडी मोहाच्या फुलांची. चैत्रात मेळघाटातून, सेमाडोहाच्या बाजूने, कोरकू बाया वाळवलेली मोहफुलं टोपल्यांतून अमरावतीच्या बाजारात आणत आणि बदल्यात मीठ नेत. ती फुलं रात्रभर भिजवायची, पाट्यावर ठेचायची, त्या रसातच कणीक घट्ट मळायची. आम्ही फूलमाळी, म्हणून त्यात आमच्या मळ्यातल्या गुलाबाच्या सुकवलेल्या पाकळ्या पडत. भाजताना पाकळ्या काळ्या होत, वास मात्र उरे.

प्रत्येक मेलेल्या माणसाचा एक रोडगा. पुरुषाच्या रोडग्यावर अंगठ्याचा एक ठसा, बाईच्या रोडग्यावर दोन बोटांचे, पोराचा रोडगा लहान आणि त्याला चिमटा. त्या वर्षी सहा होते. आजोबा, आजी, वडील, काका, लहानपणीच गेलेली माझी बहीण, आणि वहिनीची मुलगी, जी बारा दिवस जगली. तो शेवटचा रोडगा दर वर्षी वहिनी स्वतः वळत असे.

रोडगे निघाले की पळसाच्या पत्रावळींवर मांडायचे. घरातल्या कर्त्या पुरुषाने एकेका पानापुढे बसून एकेक नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय त्या जगऱ्यातला रोडगा जिवंत माणसाने खायचा नाही, टाकायचा नाही, गाईलाही घालायचा नाही. वडील गेल्यावर नावं घेण्याचं काम थोरल्या भावाकडे आलं. तो गेल्यापासून माझ्याकडे.

गेला म्हणजे निघाला, एवढाच अर्थ इथे घ्यावा.

तो निघाला १७८४ च्या माघात. कापसाच्या तेजीचं दुसरं वर्ष होतं. परदेशात कुठे तरी लढाई चालू आहे आणि म्हणून इथल्या कापसाला मागणी आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. भावाने त्याआधीच्या पावसाळ्यात गुलाबाचे वाफे उपटून तिथे कापूस लावला होता. विहिरीच्या कडेची एक ओळ फक्त आईने उपटू दिली नव्हती. पीक आलं तेव्हा तो स्वतःची गाडी घेऊन इतर गाड्यांबरोबर पश्चिमेला निघाला. जिथवर रूळ आले होते तिथवर माल पोचवायचा आणि पाडव्याच्या आत परत यायचं, असं ठरलं होतं. वहिनीने शिदोरीला पाच रोडगे दिले. मोहाचा रोडगा पंधरा दिवस टिकतो.

बरोबरच्या गाड्या चैत्रात परत आल्या. त्यांनी सांगितलं ते असं: अकोल्याच्या पुढे एका मुक्कामावर पटकीची साथ लागली. आजारी माणसं मागे राहिली, धडधाकट होते ते पुढे निघून गेले. भाऊ आजारी होता का, हे कोणी खात्रीने सांगेना. एक म्हणाला, तो दुसऱ्यांना पाणी पाजत होता. दुसरा म्हणाला, त्यालाच पाजत होते.

मी त्या वेळी अकोल्यात टपाल कचेरीत कारकून होतो. त्या वाटेवरच्या प्रत्येक ठाण्याला मी विचारपूस केली. उत्तर आलं नाही, किंवा माहिती नाही असं आलं.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. तोवर बायकोचं कुंकू राहतं. ही रीत आत्यालाही मान्य होती. पण पावसाळा संपला आणि आत्याला भाऊ दिसू लागला.

दिसे तो दुपारी. विहिरीवर मोट जिथे रिकामी होते, त्या थारोळ्याजवळ. आत्या हे सांगताना घाबरलेली नसे, हे मी पाहिलं आहे. ती बाजारातून येताना कोणी भेटल्यासारखं सांगे.

"आजबी उभा होता. पानी मांगत नाई. खाले मांगून राहिला."

"तुमाले उनात दिसते, आत्याबाई," वहिनी म्हणे. "मले तर सावलीतबी दिसत नाई."

"तुले कसा दिसन? तू त्याले जिता समजून राहिली. जित्या मानसाले वाटेवर पायते मानूस, विहिरीवर नाई पायत."

शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्यालाही तो दोनदा दिसला. त्याने खांद्यावरचा पंचा ओळखला. दुसऱ्या वेळी मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, तोंड कुणीकडे होतं. तो म्हणाला, घराकडे.

दुसरी गोष्ट वासाची. घरात कोणी मोह भिजवलेला नसताना मोहाचा वास येतो, असं आई सांगे. एकदा अकोल्यात कचेरीच्या दारात मलाही आला. मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. दारू गाळणाऱ्या कलालाची गाडी मोहाची पोती घेऊन चालली होती. ते आईला कळवलं. तिने निरोप धाडला की इथे गाडी नव्हती.

आत्याचं म्हणणं साधं होतं. तो मेला आहे, त्याला पान मिळत नाही, म्हणून तो दारात येतो. अखजीला त्याच्या नावाचा रोडगा घाला, तो शांत होईल. याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. ज्याच्या नावाचा रोडगा पितरांत गेला, त्याच्या बायकोच्या हातात दुसऱ्या दिवशी बांगड्या राहत नाहीत. आत्याच्या स्वतःच्या बांगड्या पंधराव्या वर्षी फुटल्या होत्या. तिचा वहिनीवर राग नव्हता. वहिनीला ताप आला की उशाशी तीच बसे.

अखजीच्या आदल्या दिवशी मी अकोल्याहून घरी पोचलो. आत्या ओट्यावरच होती.

"आला का साहेब. दुनियेच्या चिठ्ठ्या वाटते, अन् घरची एक आनता येत नाई त्याले."

"मी वाटत नाई आत्या. शिक्के मारतो."

"मंग घरी काहून आला? इथं कोनाले मारतं शिक्का?"

वहिनी आतून पाणी घेऊन आली. गडू माझ्या हातात देऊन उभी राहिली. मी बातमी नाही अशी मान हलवली. ती आत गेली.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दोन महिन्यांपूर्वी अकोल्याच्या कापसाच्या बाजारात एका गाडीवानाने मला सांगितलं होतं, की पटकीच्या त्या मुक्कामावर चार माणसं एकाच चितेवर जाळली, आणि त्यांतल्या एकाच्या हातात चांदीचं कडं होतं. भावाच्या हातात चांदीचं कडं असे. तेजीच्या त्या दिवसांत ते पुष्कळांच्या हातात असे. गाडीवानाने चिता स्वतः पाहिली होती, कडं दुसऱ्याकडून ऐकलं होतं. मी हे घरी सांगितलं नव्हतं.

अखजीच्या दिवशी सकाळी आईने कणीक मळली. मडक्यातल्या पाकळ्या तळाला गेल्या होत्या. गुलाब उपटल्याला दोन वर्षं झाली होती, विहिरीकडच्या ओळीचा तेवढा आधार. आई आणि वहिनीने सहा रोडगे वळले, आत्याने ठसे मोजले. मीही मोजले. चार मोठे, दोन लहान. जगरा अंगणात होता. त्या दिवशी आमच्या घरात दुसरा विस्तव पेटवत नसत. चिंचवणी आणि भाताची आधणंही त्याच निखाऱ्यांवर ठेवायची.

रोडगे पुरले. आई चिंचवणी कालवायला आत गेली. मी सावलीत बसून पत्रावळी पुसत होतो. वहिनी जगऱ्याजवळ थांबली होती. थोड्या वेळाने आत्या बाहेर आली आणि तिला म्हणाली, "घागर भरून आन जा. नवं पानी लागते." वहिनी म्हणाली, "रोडगे काढून जातो." आत्या म्हणाली, "मी हाये ना. माह्ये हात काई गळून नाई पडले." वहिनी एकदा जगऱ्याकडे पाहून नवी घागर घेऊन विहिरीवर गेली. हे तिचं पाहणं मला नंतर आठवलं. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

विहीर लांब नव्हती, पण ऊन होतं आणि दोर जुना होता. तिला वेळ लागला. आत्याने काठीने राख बाजूला केली आणि रोडगे एकेक ओढून गोणपाटावर घेतले. चार मोठे. दोन लहान. मग काठी पुन्हा कशाला तरी लागली.

सातवा मोठा होता. त्याच्यावर ठसा नव्हता.

"आला," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्हनत होती ना मी. आपल्या पायानं आला."

आई आवाज ऐकून बाहेर आली. तिने गोणपाटावर पाहिलं आणि उंबऱ्यावर बसली. तिच्या हातात पळी होती. चिंचवणीचे थेंब उंबऱ्यावर पडत होते, आणि ती ते पाहत होती.

वहिनी डोक्यावर घागर घेऊन आली. घागर उतरवली, चुंबळ काढली, मग तिने पाहिलं.

"तो मी घातला," ती म्हणाली. "शिदोरीचा हाये. बाकीचे पुरल्यावर मीच घातला."

ती दर महिन्याला एक रोडगा करत असे, हे मला त्या वेळी कळलं. पश्चिमेला जाणाऱ्या गाडीवानाकडे तो द्यायचा आणि सांगायचं, भेटला तर द्या. आईला हे माहीत होतं. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी अमरावतीहून गाड्या निघणार होत्या. घरात दुसरा विस्तव नव्हता. इतरांच्या आधी काढून घेऊ, असा वहिनीचा हिशेब होता.

मी तो रोडगा मोडला नाही, पण एका बाजूला फुटला होता तिथून पाहिला. आत पाकळ्या नव्हत्या. पितरांच्या रोडग्यात पाकळ्या पडतात, शिदोरीच्या रोडग्यात पडत नाहीत. मी ते आत्याला दाखवलं.

"वयनी खरं म्हनते, आत्या. यात गुलाब नाई."

"मी कुठं खोटं म्हनली तिले?" आत्या म्हणाली. "तिनंच घातला. तिच्या हातानं घातला. पन कायच्यात घातला? पितराच्या जगऱ्यात गेला तो पितराचा झाला. आता त्याले खाता येते का? टाकता येते का? तूच सांग, तू शिकेल हायेस."

खाता येत नव्हता. टाकता येत नव्हता. हे आईलाही माहीत होतं, वहिनीलाही.

"बायकोच्या हातानं नवऱ्याचा रोडगा पडला," आत्या म्हणाली. "आता अजून कोनाची साक्ष पायजे? पान मांड, लेका. नाव घे त्याचं. उपाशी हाये तो."

मी सात पानं मांडली. पहिल्या सहा पानांपुढे बसून सहा नावं घेतली. बारा दिवसांच्या मुलीचं नाव ठेवलं नव्हतं, तिच्या पानापुढे 'बाळी' म्हणायचं असे, ते म्हटलं. मग सातव्या पानापुढे बसलो. रोडग्यातून अजून वाफ येत होती.

आईने विचारलं, "तुले अकोल्यात काई समजलं का?" त्या दिवसातलं तिचं पहिलं वाक्य.

मी म्हणालो, "खात्रीचं काई नाई."

"अन् बिनखात्रीचं?" वहिनीने विचारलं.

मी पत्रावळीची कड सरळ केली. ती माझ्याकडे पाहत राहिली. भाताचं आधण उतू जाऊन निखाऱ्यांवर पडलं, आणि ते उतरवायला कोणी उठलं नाही.

मग वहिनी पानाजवळ आली. तिने उजव्या हाताची दोन बोटं घागरीतल्या पाण्यात बुडवली, स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाला लावली, आणि ती सातव्या रोडग्यावर टेकवली. दोन लाल ठसे उमटले. रोडगा तापलेला होता. तिने हात लगेच उचलला नाही.

"दोन बोटं म्हंजे बाईचा," ती म्हणाली. "घ्या भाऊजी, माह्यं नाव घ्या."

"काय वं हे," आत्या म्हणाली. "जित्या बाईचं पान कोनी मांडते का? असं आजपावतर कोनी केलं नाई."

"मंग आज झालं. रोडग्याले नाव लागते ना? कोनाचं लागते हे तर कोनी सांगेल नाई."

"तू काय बोलून राहिली तुले समजते का? पितरात बसली म्हंजे उठता येत नाई."

"नाई उठत."

आत्याने आईकडे पाहिलं. आई उंबऱ्यावरून उठली, आत गेली आणि तुपाची वाटी घेऊन आली. ती तिने सातव्या पानाशी ठेवली.

मी वहिनीचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी बांगड्या फोडल्या गेल्या नाहीत. मी अकोल्याला परतलो. वहिनीच्या बोटांना फोड आले होते, ते आत्याने कोरफड लावून बरे केले, असं आईने कळवलं.

त्यानंतर भाऊ विहिरीवर दिसल्याचं आत्याने कधी सांगितलं नाही. मोहाचा वासही गेला. पुढच्या वर्षी तेजी मोडली. कापूस काढून आईने पुन्हा गुलाब लावले. कालांतराने अकोल्यात आगगाडी आली आणि पश्चिमेला जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा थांबल्या. शिदोरी कोणाकडे द्यावी, हा प्रश्न राहिला नाही. वहिनी तरीही दर महिन्याला एक रोडगा करे. तो चुलीत भाजे, जगऱ्यात नाही. आठ दिवस कोनाड्यात ठेवून मग गाईला घाले.

दर अखजीला सात रोडगे होत. आपला रोडगा वहिनी स्वतः वळे आणि त्यावर दोन बोटं टेकवे. मी तिच्यासमोरच तिचं नाव घेत असे. तिसऱ्या का चौथ्या वर्षी ती म्हणाली, "माह्या रोडग्यावर तूप जास्त सोडा, भाऊजी. जितेपनी कोनी सोडलं नाई." आत्या हसली. मग हसणं थांबवून तिने तोंडावर पदर घेतला.

गावातल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवीनाशा झाल्या. सवाष्ण म्हणावं तर ती पितरांत बसलेली. विधवा म्हणावं तर कपाळावर कुंकू. तिचं नाव घ्यायचं लोक टाळत. फुलं घ्यायला येणारी पोरं तिच्या सावलीवर पाय पडू देत नसत. ती हे सगळं पाही आणि फुलं मोजून देई.

मग विहिरीवर बाई दिसते, असं लोक सांगू लागले. ती वहिनीच असे. पाणी आणायला, गुलाबांना आळी करायला ती दुपारीही जात असे, आणि मी तसं लोकांना सांगे. एकदा मात्र मी स्वतः पाहिलं. वैशाखातली दुपार. ती थारोळ्याजवळ घराकडे तोंड करून उभी होती. मी हाक मारली नाही. घरात आलो तर आई म्हणाली, वहिनी सकाळपासून जात्यावर आहे. जात्याचा आवाज येत होता. मी आत जाऊन पाहिलं. ती दळत होती, आणि तिच्या पायांना ओली माती नव्हती.

बारा वर्षं भरली तेव्हा भटजींनी पुतळ्याच्या विधीची आठवण करून दिली. आत्या त्याआधीच्या हिवाळ्यात गेली होती. वहिनी विधीला नाही म्हणाली. त्या दिवशी मी तिला गाडीवानाने सांगितलेलं सगळं सांगितलं. मी तोवर टपाल सोडून वर्तमानपत्रात आलो होतो.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कडं कोन्या हातात होतं?"

"विचारलं नाई."

"त्याच्यावर काय काढेल होतं?"

"तेबी विचारलं नाई."

"मंग ते बातमी नाई, भाऊजी," ती म्हणाली, आणि गुलाबाच्या पाकळ्या उन्हात पसरायला गेली.

त्या अखजीला आत्याचा एक धरून आठ रोडगे झाले. त्यानंतरच्या माघात वहिनी तीन दिवसांच्या तापाने गेली. कपाळावर कुंकू होतं. हातात बांगड्या होत्या.

पुढच्या अखजीला आईने कणीक मळली. तिला दिसत कमी होतं, म्हणून ठसे मी मोजले. वहिनीच्या रोडग्यावर दोन बोटं आईने टेकवली. जगऱ्यात आठ घातले. राख मी उकरली, आणि काठी पुन्हा सगळीकडे फिरवून पाहिली. आठ निघाले.